लुंबिनीचा शिलालेख आणि पवनीचे दान

महापरिनिर्वाणाच्या वेळी भगवान बुद्धांनी आयुष्मान आनंदाला चार स्थळांचे स्मरण करून दिले होते, असे महापरिनिब्बान सुत्तात नमूद आहे. तथागताचा जन्म जेथे झाला, जेथे त्यांना संबोधी प्राप्त झाली, जेथे त्यांनी धम्मचक्र प्रवर्तित केले आणि जेथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले, ती ही चार स्थळे होत. यांपैकी बुद्धगया, सारनाथ आणि कुशीनारा ही तीन आज भारतात आहेत. लुंबिनी मात्र नेपाळच्या तराईत आहे. त्यामुळे चौघांपैकी पहिलेच स्थळ भारतीय बौद्धाला देशाची सीमा ओलांडल्याशिवाय पाहता येत नाही.

भंडारा जिल्ह्यातून या स्थळांच्या दर्शनाला जाणाऱ्या उपासक-उपासिकांची संख्या अलीकडे वाढली आहे. कोणी विहाराच्या वतीने संघटितपणे जातात, कोणी आपल्या कुटुंबासह जातात. ही समाधानाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांना पोटापाण्यासाठी गाव सोडण्यापलीकडे प्रवास ठाऊक नव्हता, त्यांची नातवंडे आज धम्मस्थळे पाहण्यासाठी परदेशी जात आहेत. तथापि, या यात्रा आपण कोणत्या दृष्टीने करतो, तेथे काय पाहतो आणि परतताना काय घेऊन येतो, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे. आमच्या कुटुंबाच्या लुंबिनी भेटीत जे घडले, त्यावरून हा विचार आम्हांला सुचला. म्हणून प्रारंभी त्या भेटीचा थोडा वृत्तांत देणे आवश्यक आहे.

दोन प्रश्न

आम्ही मोहाडीचे. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे तालुक्याचे गाव. भोवती धानाची शेती, आणि मोहाडी व आंधळगाव येथे कोशाचे विणकाम. आमच्या सोबत वृद्ध मातोश्री, पत्नी, मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात असा परिवार होता. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तेथून मोटारीने सोनौली, सीमा ओलांडून भैरहवा आणि भैरहव्याहून लुंबिनी असा हा प्रवास. सीमेवर कमान आहे, शिपाई आहेत. पण भारतीय माणसाला तेथे पारपत्र लागत नाही, ओळखपत्र पुरते. मातोश्रींना आपण परदेशात आलो आहोत हे पटेना. शेतात तोच धान, बांधावर तीच माणसे, ऊनही तेच.

मातोश्रींना अक्षरओळख नाही. १९५६ साली नागपूरला जो धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्या वेळी त्या आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. माणसांचा तो समुद्र आणि पांढरी वस्त्रे एवढेच त्यांना आठवते. पुढे शाळेत जाण्याचा योग मात्र आला नाही. आपल्या मुलांनी व नातवंडांनी शिकावे यासाठी त्यांनी दुसऱ्याच्या बांध्यांत रोवणी केली, आणि आम्ही सर्व शिकलो.

मायादेवी मंदिराचे दर्शन घेऊन आम्ही पश्चिमेकडील अशोकस्तंभापुढे आलो. त्रिशरण-पंचशील झाले. मातोश्री कठड्याजवळ जाऊन स्तंभावरील अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "यावर का लिवलं आहे गा? वाचून सांग."

आम्ही शेजारच्या फलकाकडे वळलो. त्यावरील इंग्रजी भाषांतर वाचून त्यांना अर्थ सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "त्या पाटीवरचं नाही. दगडावरचं वाच."

आम्हांला ते वाचता आले नाही. मुलगा पदवीधर, सून शिक्षिका, आणि आम्ही स्वतः आयुष्यभर पुस्तकांत रमलेलो. पण चौघांपैकी एकालाही त्या दगडावरचे एक अक्षर ओळखता येईना. मातोश्री रागावल्या नाहीत. त्यांना फक्त नवल वाटले. शिकलेल्या माणसालाही न येणारी अक्षरे असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते.

तेवढ्यात नातीने विचारले, "आजोबा, बुद्धांचा जन्म इथेच झाला, हे कशावरून?"

सर्वांत थोर व सर्वांत लहान अशा दोघींनी विचारलेले हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. परंतु त्यांचे उत्तर एकच आहे. ते त्या दगडावर कोरलेले आहे, आणि ते वाचता येणे हाच यात्रेचा खरा अर्थ आहे, असे आमचे मत झाले. नातीचा प्रश्न काहींना अश्रद्धेचा वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. ऐकीव गोष्ट, परंपरा अथवा ग्रंथप्रामाण्य एवढ्यावरून काही मान्य करू नका, हा कालामांना केलेला उपदेश ज्या धम्मात आहे, त्या धम्मातील बालिकेने जन्मस्थळावर उभे राहून पुरावा मागितला, तर त्यात धम्माचा गौरवच आहे.

स्तंभ काय सांगतो?

हा लेख अवघ्या पाच ओळींचा आहे. लिपी ब्राह्मी आणि भाषा मगधाकडील प्राकृत. या भाषेत 'र'च्या जागी 'ल' येतो. म्हणून राजा हा शब्द येथे 'लाजा' या रूपात दिसतो. लेखाचा आशय असा : देवांना प्रिय अशा प्रियदर्शी राजाने, राज्याभिषेकाला वीस वर्षे झाली असता, स्वतः येथे येऊन वंदना केली, कारण शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला. त्याने येथे शिलेचे बांधकाम करविले व शिलास्तंभ उभा केला. भगवंतांचा जन्म येथे झाला म्हणून लुंबिनी गावाला 'बलि' या करातून मुक्त केले आणि त्याचा भाग आठवा ठरविला.

शिलेच्या बांधकामाविषयी जो शब्द लेखात आला आहे, त्याच्या अर्थाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. उरलेला मजकूर मात्र स्वच्छ आहे. अशोकाच्या राज्याभिषेकाचे विसावे वर्ष म्हणजे सुमारे इ.स.पूर्व २४९. या लेखात राजाने आपल्या पराक्रमाचे, कुळाचे किंवा साम्राज्याच्या विस्ताराचे एक अक्षर लिहिलेले नाही. त्याने तीनच गोष्टी नोंदविल्या : मी स्वतः आलो, कशासाठी आलो, आणि येऊन या गावासाठी काय केले.

यांपैकी तिसरी गोष्ट यात्रेकरूंच्या लक्षात बहुधा येत नाही. 'बलि' हा राजाला द्यावयाचा एक कर होता, आणि 'भाग' म्हणजे पिकातील राजाचा हिस्सा. प्राचीन ग्रंथांत हा हिस्सा साधारणतः सहावा सांगितलेला आहे. अशोकाने लुंबिनीपुरता तो आठवा केला, असा 'अठभागिये' या शब्दाचा अर्थ बहुतेक विद्वान घेतात. आपल्या भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या हिशेबाने सांगावयाचे, तर ज्या घरी ४८ खंडी धान पिकत असेल, त्या घराला एरवी ८ खंडी राजाला द्यावे लागले असते. आता ६ खंडी द्यावे लागणार. वर्षाला दोन खंडी धान घरातच राहिले, आणि शिवाय बलि माफ झाला. बुद्धजन्माचा आनंद सम्राटाने कशा रीतीने साजरा केला? तेथे कष्ट करणाऱ्या माणसाच्या कोठारात धान ठेवून.

हे त्याच्या एरवीच्या वागणुकीला धरूनच होते. आठव्या शिलालेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे मृगया व करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या धम्मयात्रेत काय होते, तेही तो सांगतो : श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, आणि जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश व त्यांच्याशी धम्मचर्चा. स्थळाच्या दर्शनाइतकेच माणसांच्या दर्शनाला महत्त्व देणारी अशी ही यात्रा होती.

विस्मरण आणि शोध

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. अशोकानंतर हे स्थळ शतकानुशतके लोकांच्या स्मरणात होते. इ.स.च्या पाचव्या शतकाच्या प्रारंभी फाहियान येथे आला. सातव्या शतकात युवान च्वांग आला. त्याने येथील अशोकस्तंभाचा उल्लेख केला असून स्तंभावर घोड्याची आकृती होती व तो मध्यावर भंगून पडला होता, असे लिहून ठेवले आहे. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी पश्चिम नेपाळचा राजा रिपुमल्ल येथे आला व त्याने स्तंभाच्या वरच्या भागावर आपले नाव कोरविले. त्यानंतर मात्र अंधार पसरला. स्तंभाभोवती माती साचत गेली, अशोकाचा लेख मातीखाली गेला, आणि आसपासच्या रहिवाशांना एवढेच ठाऊक राहिले की, येथे रुम्मिनदेई नावाची देवी आहे.

या नावात इतिहासाचा केवढा मोठा ठेवा दडलेला होता! लेखातील 'लुंमिनि' हेच नाव लोकांच्या जिभेवर 'रुम्मिन' होऊन जवळजवळ बावीस शतके टिकले. लोकांनी नाव जपले, पण त्याचा अर्थ हरवला. बुद्धमाता महामायेची मूर्ती ही ग्रामदेवता झाली. स्मृती पूर्णपणे मेली नव्हती. ती निरक्षर झाली होती.

डिसेंबर १८९६ मध्ये पाल्प्याचे नेपाळी प्रशासक जनरल खड्ग शमशेर यांच्या माणसांनी स्तंभाभोवतीची माती काढली, तेव्हा अशोकाचा लेख उजेडात आला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्यातील जर्मन अधिकारी डॉ. फ्यूरर तेथे गेले होते. लेखाचे वाचन व संपादन जॉर्ज ब्यूलर या विद्वानाने केले. १८९९ मध्ये पूर्णचंद्र मुखर्जी यांनी या परिसरात उत्खनन केले.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. फ्यूरर हा प्रामाणिक संशोधक नव्हता. त्याने एका ब्रह्मी भिक्खूला बुद्धांच्या धातू म्हणून बनावट वस्तू पुरविल्या, न पाहिलेल्या अवशेषांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि हे उघडकीस आल्यावर १८९८ मध्ये त्याला पद सोडावे लागले. मग लुंबिनीचा लेखही बनावट नसेल कशावरून, अशी शंका काहींनी घेतली आहे. अशा शंकेने बौद्धांनी बिचकण्याचे कारण नाही. तिची तपासणी केली पाहिजे. माती काढण्याचे काम फ्यूररच्या हातून झालेले नव्हते, ते खड्ग शमशेर यांच्या माणसांनी केले होते. लेखाची भाषा अशोकाच्या पूर्वेकडील इतर लेखांशी जुळते. 'उबलिके', 'अठभागिये' यांसारख्या शब्दांचा अर्थ लावताना त्या काळचे थोर भाषापंडितही दीर्घकाळ वाद घालीत होते. जे शब्द पंडितांना नीट उलगडत नव्हते, ते एखाद्या लबाड माणसाने रचून कोरले असतील हे संभवत नाही. युवान च्वांगची साक्ष आहे आणि रुम्मिनदेई हे नावही साक्ष देते. म्हणून आज बहुसंख्य अभ्यासक हा लेख अस्सल मानतात.

यापुढेही शोध थांबला नाही. मायादेवी मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या वेळी झालेल्या उत्खननात १९९५ साली गाभ्याखाली एक शिला आढळली, ती जन्मस्थानाची खूण म्हणून आज काचेखाली जपलेली आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने लुंबिनीचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. रॉबिन कनिंगहॅम आणि कोशप्रसाद आचार्य यांच्या नेतृत्वाखालील पथकाने मंदिराच्या आत उत्खनन केले, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. विटांच्या बांधकामाखाली त्यांना लाकडी खांबांच्या खळग्यांची रांग मिळाली; मध्ये मोकळी जागा, आणि तेथे वृक्षाच्या मुळांच्या खुणा. या थराचा काळ इ.स.पूर्व सहाव्या शतकापर्यंत मागे जातो, असे त्यांनी शास्त्रीय कालमापनाच्या आधारे मांडले. हे लाकडी कुंपण बौद्ध चैत्याचेच होते की एखाद्या जुन्या वृक्षपूजेचे, याविषयी इतर विद्वानांनी प्रश्न उपस्थित केले आहेत.

तेव्हा नातीला आम्ही असे उत्तर दिले : बाळ, अशोक हा बुद्धांच्या नंतरचा, पण त्याच्या काळी हेच ते गाव अशी लोकांची पक्की समजूत होती आणि त्याने ती दगडावर नोंदवून ठेवली. त्याहून जुना लेखी पुरावा जगात कोठेही नाही. एवढे आपण निश्चयाने म्हणू शकतो, आणि जेवढे निश्चयाने म्हणता येते तेवढेच म्हणावे. तिला हे उत्तर पटले. मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी आम्हांला घरी परतावे लागले.

'दानं' : लिपीची किल्ली

लुंबिनीचा स्तंभ १८९६ साली सापडला तेव्हा तो लगेच वाचता आला, कारण ब्राह्मी लिपी त्यापूर्वीच उलगडली होती. ती कशी उलगडली, हा इतिहास प्रत्येक बौद्धाला ठाऊक असावयास हवा. दिल्लीच्या स्तंभावरील अक्षरे वाचण्याचा प्रयत्न अनेकांनी केला होता. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहाने हे स्तंभ दिल्लीला आणविले, परंतु त्यांवर काय लिहिले आहे हे सांगणारा एकही पंडित त्याला मिळाला नाही. ज्या देशात विद्येवर एका वर्णाने पिढ्यान्‌पिढ्या अधिकार सांगितला, त्या देशातील पंडितांना आपल्याच सर्वश्रेष्ठ सम्राटाचे लेख वाचता येत नव्हते!

१८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या हाती सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे आले. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी ते पाठविले होते. प्रिन्सेपच्या ध्यानात आले की, यांतील बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. स्तूपाच्या कठड्यावर अनेकांनी आपापली नावे कोरवून शेवटी एकच शब्द का बरे लिहावा? हे दात्यांचे लेख असले पाहिजेत, आणि तो शब्द 'दानं' असला पाहिजे. 'द' आणि 'न' ही अक्षरे निश्चित झाली, त्यांच्या आधाराने इतर अक्षरे उलगडली, आणि काही काळातच दिल्लीच्या स्तंभावरील राजा बोलू लागला.

या घटनेचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. सांचीच्या कठड्यावर नावे कोरविणारे हे दाते राजे नव्हते. ते गृहस्थ होते, व्यापारी होते, भिक्खू-भिक्खुणी होत्या, उपासिका होत्या, विदिशेचे हस्तिदंती काम करणारे कारागीर होते. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी पट्टी. या सामान्य माणसांच्या दानलेखांनी सम्राटाच्या लेखांचे कुलूप उघडले. म्हणजे लुंबिनीत आज आपण जे वाचतो, ते सांचीच्या अनाम वाटणाऱ्या स्त्री-पुरुषांमुळे वाचतो.

आमच्या वैनगंगेचा काठ

हे समजल्यावर आमचे मन साहजिकच पवनीकडे गेले. मोहाडीहून निघून भंडारा ओलांडले की दक्षिणेस वैनगंगेच्या काठी पवनी आहे. ज्या नदीचे पाणी आमच्या तालुक्यातून जाते, तीच पुढे पवनीला जाते. १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सांचीच्या महास्तूपाच्या तोडीचे स्तूप येथे उभे होते, हे सिद्ध झाले. हे स्तूप ज्या टेकड्यांखाली झाकले होते, त्यांची नावे काय होती? जगन्नाथ टेकडी आणि सुलेमान टेकडी! लुंबिनीची जशी रुम्मिनदेई झाली, तसेच येथेही झाले. फरक एवढाच की, तेथे मूळ नावाचा अंश तरी राहिला. येथे तोही उरला नाही.

पवनीच्या स्तूपाभोवतीही दगडी कठडा होता आणि त्यावरही दात्यांनी आपली नावे ब्राह्मीत कोरविली होती. एका शिल्पात आसनामागे फणा उभारलेला नाग असून मुचलिंद नाग असा त्याचा नामनिर्देश आहे. संबोधीनंतर वादळवाऱ्यात भगवंतांवर फणा धरणारा तो हाच मुचलिंद. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मप्रसारात नागलोकांनी केलेल्या कार्याचे स्मरण करून या भूमीची निवड आपण का केली, हे सांगितले होते. त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी त्याच विदर्भाच्या मातीतून हा नाग वर यावा, यातून वंशाचा काही पुरावा मिळतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बौद्धांच्या मनाला त्यात जे समाधान वाटते ते अकारण नाही.

पवनीच्या आणखी एका लेखात नाग नावाच्या व्यक्तीला 'पाच निकाय जाणणारा' असे म्हटले आहे. याचा अर्थ, त्या काळी या वैनगंगेच्या काठी बुद्धवचनाच्या पाचही निकायांचा अभ्यास असलेला माणूस ओळखला जात होता व त्या विद्येमुळे त्याचा सन्मान होत होता. दुसऱ्या एका दानलेखात सर्व सत्त्वांच्या सुखाची कामना आहे. पुण्य मला मिळो, असे हा दाता म्हणत नाही. सर्वांना सुख होवो असे म्हणतो.

पवनीपासून फार दूर नसलेल्या, चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे एक शिला मिळाली होती. तिच्यावर दोन लेख आहेत. पहिला प्राचीन ब्राह्मीत असून त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे, म. म. वा. वि. मिराशी यांनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा मानला आहे. त्याच शिलेवर पुढे काही शतकांनी वाकाटक नृपती पहिल्या रुद्रसेनाच्या काळात दुसरा लेख कोरला गेला. लुंबिनीत ज्याचा स्तंभ पाहण्यासाठी आम्ही सीमा ओलांडून गेलो, त्या राजाची आज्ञा आमच्या झाडीपट्टीतही पोहोचली होती, असे या मताप्रमाणे म्हणता येते.

हे सर्व आमच्याच जिल्ह्यात आणि शेजारी होते. आम्ही किती वेळा पवनीवरून गेलो असू! लग्नाला गेलो, मयताला गेलो, बाजाराला गेलो. टेकडीकडे बोट दाखवून येथे स्तूप आहे, असे मुलांना आम्ही कधी सांगितले नाही. मग लुंबिनीच्या स्तंभापुढे आम्ही मुके झालो, यात नवल ते काय?

यात्रेचे फळ

१९५४ साली भंडारा मतदारसंघाच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, हे या जिल्ह्याचे एक शल्य आहे. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि नोव्हेंबरात प्रकृती अत्यंत क्षीण असतानाही ते काठमांडूच्या चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावरील त्यांचे भाषण तेथेच झाले. माणसाच्या दुःखावरचा उपाय हिंसेत आहे की धम्मात, या प्रश्नाचा विचार त्यांनी जगातील बौद्धांपुढे मांडला. परतल्यावर काही दिवसांतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बाबासाहेबांची शेवटची परदेशयात्रा अशा प्रकारे नेपाळचीच होती. तेथे त्यांनी प्रश्न नेला होता, विचार नेला होता.

अशोक लुंबिनीला गेला, तेव्हा गावाच्या कोठारात धान राहिले. बाबासाहेब नेपाळला गेले, तेव्हा परिषदेच्या पदरात विचार पडला. आपण जातो, तेव्हा काय राहते? आपण मेणबत्ती लावतो, छायाचित्रे काढतो, प्रसंगी स्तूपाची एखादी प्रतिकृती विकत आणतो. यात गैर काही नाही. परंतु एवढ्यावरच यात्रा संपत असेल, तर उद्या आपली लुंबिनीही रुम्मिनदेई होण्यास वेळ लागणार नाही. नाव राहील, वंदना राहील, अर्थ जाईल. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने आपल्या इतिहासाची अक्षरे दुसऱ्याने वाचून दाखवावीत म्हणून वाट पाहत बसावे, हे बाबासाहेबांच्या 'शिका' या आदेशाशी सुसंगत नाही.

म्हणून आमच्या धम्मबांधवांना व भगिनींना काही सूचना कराव्याशा वाटतात. लुंबिनीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्यापूर्वी एक दिवस पवनीला द्यावा. विहारात रविवारी जी मुले जमतात, त्यांना वंदनेबरोबर ब्राह्मीची वर्णमाला शिकवावी. अक्षरे सोपी आहेत, देवनागरीची ती पूर्वज आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांत मुले ती वाचू लागतात. गावात नांगरताना, विहीर खोदताना अथवा घराचा पाया घालताना कोरीव दगड, जुन्या मोठ्या विटा किंवा नाणी निघाली, तर ती पायरीला वा धुण्याला न लावता पुरातत्त्व विभागाला कळवावे. आणि ज्या स्थळी आपण यात्रेला जातो, तेथील गरीब माणसाशी दोन शब्द बोलावेत, त्याच्या मुलांच्या शिक्षणाची चौकशी करावी, यथाशक्ती काही द्यावे. अशोकाच्या धम्मयात्रेत जनपदातील माणसांची भेट होती, हे विसरू नये.

आमच्या घरी याचा प्रारंभ झाला आहे. लुंबिनीहून परतल्यावर नात ब्राह्मीची वर्णमाला घेऊन बसली. पावसाळा संपेपर्यंत तिला लेखाची पहिली ओळ अडखळत का होईना वाचता येऊ लागली. एका संध्याकाळी तिने वहीत मोठ्या अक्षरांत 'दानं' असे ब्राह्मीत लिहून आजीपुढे ठेवले. दोन अक्षरे आणि एक टिंब. मातोश्रींनी त्यांवरून बोट फिरविले आणि विचारले, "हे राजानं लिवलं का?"

नात म्हणाली, "नाही आजी. हे आपल्यासारख्या माणसांनी लिहिलं आहे."

दुसऱ्या दिवशी मातोश्रींनी स्वतः पाटी मागून घेतली. ब्राह्मी नव्हे, त्यांना आधी आपले नाव लिहावयाचे होते. पुढील पौर्णिमेला आम्ही त्यांना घेऊन पवनीला जाणार आहोत.